पिन म्हणजे आपला अंगठा



आपल्यापैकी पुष्कळजण आता सही करू लागले आहेत. आजवर आपण अंगठा उठवत होतो. अंगठा उठवण्यात कमीपणा काही नाही. पण मनात एक धास्ती असे. कागदावर काय लिहिले आहे, ते आपल्याला कळत नसे. समोरचा सांगेल ते खरे मानायचे आणि शाईचा अंगठा टेकवायचा.

आपल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी याचे दुःख फार सोसले आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सुरुवात झाली. लोकांनी सावकारांच्या घरांतून वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळून टाकले. त्यांचा सगळा रोख त्या कागदांवर होता. कागदावर अंगठा त्यांचा होता, पण मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, असे त्यात ठरले.

ते दिवस गेले. आता कागदाच्या जागी मोबाईल आला आहे. शाईच्या अंगठ्याच्या जागी चार किंवा सहा आकडे आले आहेत. त्यांना पिन म्हणतात. पण धोका तोच आहे. न वाचता अंगठा उठवला की शेत जाई. न वाचता पिन टाकला की खात्यातले पैसे जातात.

म्हणून हा धडा नीट वाचा. घरात मोठ्याने वाचून दाखवा.

पैसे असतात कुठे?

काहीजण म्हणतात, "माझ्या मोबाईलमध्ये पाच हजार रुपये आहेत." हे बरोबर नाही. पैसे मोबाईलमध्ये नसतात. ते बँकेतच असतात. मोबाईल हा फक्त निरोप्या आहे.

आपल्या देशात यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तिचे काम असे चालते. आपण दुकानात गेलो. तेल, मीठ, चहापत्ती घेतली. दुकानदाराच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्यात दुकानदाराच्या खात्याचा पत्ता असतो. मोबाईलने तो पत्ता वाचला. आपण रक्कम लिहिली. मोबाईलने आपल्या बँकेला निरोप दिला, "इतके रुपये अमक्याला द्या."

बँक विचारते, "हे खरेच खातेदाराने सांगितले आहे का?" तेव्हा आपण पिन टाकतो. बँकेला पिन पटतो. मग पैसे आपल्या खात्यातून निघून दुकानदाराच्या खात्यात जातात.

म्हणजे पिन टाकणे याचा अर्थ इतकाच, की "माझे पैसे द्या, माझी संमती आहे." आपला मोबाईल आणि आपला पिन ज्याच्या हाती, त्याला बँक आपणच समजते. बँकेला आपले तोंड दिसत नाही.

विहीर आणि पोहरा

आता एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. विहिरीत पाणी झिरपते ते आपोआप. त्यासाठी दोर-पोहरा लागत नाही. पोहरा लागतो तो पाणी बाहेर काढायला.

आपले खातेही तसेच आहे. पैसे आत यायला पिन लागत नाही. पैसे बाहेर जायला पिन लागतो. खात्यात शिल्लक किती आहे, हे पाहतानाही पिन विचारतात. पण दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे असतील, तर पिन कधीही लागत नाही.

हे एवढे कळले, तर निम्मे ठग आपल्या दारातूनच परत जातील. समजा, एका वहिनींना म्हैस विकायची आहे. त्यांच्या मुलाने मोबाईलवर जाहिरात दिली. तासाभरात फोन आला.

"नमस्कार ताई. म्हैस मला पसंत आहे. किंमत तुम्ही सांगाल ती."

"अहो, पण म्हैस न बघताच?"

"मी लष्करात आहे ताई. रजा मिळत नाही. गाडी पाठवून म्हैस नेतो. पैसे आत्ताच देतो."

"बरं, द्या मग."

"एक क्यूआर पाठवलाय. तो स्कॅन करा. रक्कम दिसेल. खाली पिन टाका. लगेच पैसे जमा होतील."

वहिनी थांबल्या. त्या म्हणाल्या, "दादा, पैसे मला यायचेत ना? मग पिन मी कशाला टाकू? माझ्या विहिरीत पाणी यायचंय आणि पोहरा मीच सोडू?"

पलीकडून फोन बंद झाला.

या ठगाच्या बोलण्यात तीन खुणा होत्या. म्हैस न पाहता त्याने मागेल ती किंमत कबूल केली. लष्कराचे नाव सांगून विश्वास मिळवला. आणि पैसे द्यायचे सोडून पिन टाकायला सांगितला. खरा गिऱ्हाईक आधी म्हशीची कास बघतो, वेत विचारतो आणि भाव पाडून मागतो.

पिन टाकण्याआधी पडद्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, पैसे कोणाला जाणार त्याचे नाव. दुसरी, रक्कम किती. दोन्ही वाचा. पुष्कळ ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येते. ती निवडून घ्या. आता आपल्याला वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास कशाला ठेवायचा?

एका वेळेची चिठ्ठी

पिनचा एक धाकटा भाऊ आहे. त्याला ओटीपी म्हणतात. तो एकदाच वापरायचा आकडा असतो. काही मिनिटांनी तो निकामी होतो. बँक तो आपल्या मोबाईलवर संदेशाने पाठवते.

बँक तो का पाठवते? कोणीतरी आपल्या खात्याचे काम करू पाहत असतो. तो माणूस आपणच आहोत की दुसरा कोणी, हे बँकेला पाहायचे असते. म्हणून ती आपल्या मोबाईलवर चिठ्ठी धाडते. चिठ्ठी आपल्याच हाती पडेल, असा तिचा हिशोब असतो.

ठगाकडे आपला खातेक्रमांक असेल. आपले नाव असेल. कार्डाचा क्रमांकही असेल. पण चिठ्ठी त्याच्याकडे नसते. म्हणून तो फोन करतो.

"मी बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद पडणार आहे. आत्ता एक नंबर आला असेल, तो सांगा."

आपण नंबर सांगितला, म्हणजे कुलूप त्याने लावलेले आणि किल्ली आपण दिलेली, असे झाले. म्हणून ओटीपी आला की आधी तो संदेश पूर्ण वाचा. हा आकडा कशासाठी आहे, हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेले असते. किती रुपये जाणार, तेही असते. कोणाला सांगू नका, असेही असते. आपण काही काम केलेले नसताना ओटीपी आला, तर समजा की कोणीतरी आपल्या दाराची कडी वाजवतो आहे.

बँकेचा साहेब असो, वीज कंपनीचा माणूस असो, नाहीतर नात्यातला कोणी असो, पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

लग्नपत्रिकेच्या वेषात चोर

आता चोराने नवी वाट काढली आहे. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. कधी शेतकरी योजनेची यादी येते, कधी वीजबिल येते. पाठवणारा ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

ही खरी पत्रिका नसते. ते एक ॲप असते. त्याच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. ते दाबले की मोबाईल विचारतो, "हे ॲप बसवू का?" पुढे ते ॲप विचारते, "तुमचे संदेश वाचू का?" आपण घाईत होय म्हणतो. मग आपल्या मोबाईलवर येणारे ओटीपी चोराला परस्पर कळू लागतात. आपण तोंडाने कोणाला सांगितलेले नसते, तरी चिठ्ठी चोराच्या हाती पडते.

साधा विचार करा. पत्रिका हे चित्र असते किंवा कागद असतो. ती पाहण्यासाठी मोबाईलमध्ये काही बसवावे लागत नाही. जी पत्रिका म्हणते, "आधी मला घरात घ्या, संदूक उघडून दाखवा, मग लग्नाची तारीख सांगते," ती पत्रिका नव्हे.

कुठलेही ॲप हवे असेल, तर ते फोनच्या अधिकृत ॲप-दुकानातूनच घ्यावे. तिथेही नाव नीट वाचावे. आणि ज्याचे काम नाही, ते ॲप मोबाईलमध्ये ठेवूच नये. जेवढी दारे जास्त, तेवढ्या कड्या जास्त लावाव्या लागतात.

खोटा फौजदार

लोभाने जो सापडत नाही, त्याला ठग भीतीने पकडतो. व्हिडिओ फोन येतो. समोर खाकी कपड्यातला माणूस दिसतो. मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत असते. तो दरडावतो, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. फोन बंद करायचा नाही. घरात कोणाला सांगायचं नाही. सुटायचं असेल तर पैसे या खात्यात भरा."

बंधुभगिनींनो, आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात देशाला हेच सांगितले. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. चौकशी मिटवण्यासाठी ते खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. न्यायालयही सांगत नाही.

या फसवणुकीत शिकलेसवरलेले लोक सापडले आहेत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले लोकही सापडले आहेत. त्यांना वाचता येत होते. पण भीतीने त्यांची मती गुंग झाली. म्हणून ठगाचे सर्वांत मोठे हत्यार ओळखा. "कोणाला सांगू नका" हेच ते हत्यार. चार माणसांत बोललेली गोष्ट तपासली जाते. एकट्याला कोंडले की तो गोंधळतो. असा फोन आला की तो खुशाल बंद करा आणि शेजाऱ्याला हाक मारा. शंका वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

खरा अंगठाही जपा

आधारचा पहिला क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तो समारंभ झाला. आज आधारच्या अंगठ्यावर बँकेतले पैसेही काढता येतात. गावात बँक मित्र असतो. त्याच्या यंत्रावर बोट ठेवले की बँक खातेदार ओळखते आणि पैसे मिळतात. म्हाताऱ्या माणसांची यात मोठी सोय झाली. तालुक्याची खेप वाचली.

पण इथेही डोळे उघडे ठेवावेत. यंत्रावर बोट ठेवण्याआधी विचारा, "रक्कम किती टाकली? दाखवा." कोणी म्हणाला, "ठसा उठला नाही, पुन्हा ठेवा," तर म्हणा, "आधी पहिल्याची पावती दाखवा." पावती घ्या. पावतीवरची रक्कम वाचा. हातातल्या नोटा मोजा. महिन्यातून एकदा बँकेत पासबुक भरून घ्या आणि ओळ न ओळ वाचा.

आधारच्या ॲपवरून आपल्या ठशांना कुलूपही लावता येते. कुलूप असेल तोवर ठशावर पैसे निघत नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी रेशन घेतानाही ठसा लागतो. तेव्हा कुलूप उघडावे आणि काम झाले की पुन्हा लावावे. आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे. आपल्या स्वातंत्र्याचे साल तेच, म्हणून तो लक्षात राहतो.

थोडे मोबाईलविषयी

लोक विचारतात, "गुरुजी, भारीतला मोबाईल घेतला म्हणजे चोरी होणार नाही ना?" माझे मत असे आहे, की महाग मोबाईलपेक्षा जपून वापरलेला मोबाईल बरा. नवा घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारा, "याला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील?" मोबाईलमधल्या उणिवा कंपनी वेळोवेळी दुरुस्त करते. त्या दुरुस्तीला अपडेट म्हणतात. ज्याचे अपडेट बंद झाले, तो मोबाईल मोडक्या कुंपणासारखा असतो. बोलायला तो चालेल. पैशाच्या कामाला नको.

मोबाईलला कुलूप लावा. कुलपाचा आकडा आणि यूपीआयचा पिन एक ठेवू नका. जन्मसाल किंवा १२३४ असा पिन ठेवू नका.

आणखी एक सुचवतो. सगळी पुंजी एकाच खात्यात ठेवून तेच खाते मोबाईलला जोडू नये. बाजारला जाताना आपण घरातली सगळी रक्कम कनवटीला लावून नेत नाही. लागेल तेवढीच नेतो. तसे एक लहान खाते मोबाईलला जोडावे. कापसाचे, उसाचे, दुधाचे पैसे दुसऱ्या खात्यात राहू द्यावेत.

मोबाईलवर *#०६# असे दाबले, की पंधरा आकड्यांचा एक क्रमांक दिसतो. दोन सिमचा मोबाईल असेल तर असे दोन क्रमांक दिसतात. हा मोबाईलचा स्वतःचा क्रमांक. तो आजच वहीत लिहून ठेवा. मोबाईल चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार द्या. मग सरकारच्या संचार साथी या सेवेवर हा क्रमांक देऊन मोबाईल निकामी करता येतो. ही सेवा २०२३ साली सुरू झाली. पिन मात्र वहीत लिहू नका.

फसलो तर काय करावे?

सावधपणा ठेवूनही माणूस फसतो. तेव्हा कपाळाला हात लावून बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. एक, नऊ, तीन, शून्य. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा सरकारचा क्रमांक आहे. आपले खाते कोणते, रक्कम किती, पैसे कधी गेले, हे सांगावे. लगोलग आपल्या बँकेलाही कळवावे आणि खाते थांबवायला सांगावे.

घाई कशासाठी? ठग पैसे एका खात्यात ठेवत नाही. या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी तिसऱ्या खात्यात तो ते पळवतो. मधल्या एखाद्या बँकेत पैसे असतानाच निरोप पोचला, तर ती बँक ते रोखून धरू शकते. पाटाचे पाणी फुटले की आपण आधी बांध घालतो. कोणी फोडला, याची चौकशी मागाहून करतो. तसेच हे आहे.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली याविषयी नियम घालून दिले. खातेदाराची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे लांबवले, आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये, असे ठरले. खातेदाराने स्वतःच पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचे. म्हणून कळवायला एक दिवसही घालवू नये. आणि कळवल्याचा तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

आता घरच्या मंडळींना एक विनंती. आई फसली, आजोबा फसले, तर त्यांच्यावर ओरडू नका. "तुम्हाला काही कळत नाही, मोबाईल कशाला घेतलात?" असे बोलू नका. बोलणी खावी लागतील या भीतीनेच माणसे गप्प बसतात. दोन दिवस अन्न गोड लागत नाही, पण सांगत नाहीत. तोवर पैसे दूर निघून जातात. त्यांच्याजवळ बसा. पाणी द्या. आणि १९३० लावून फोन त्यांच्या हाती द्या.

बंधुभगिनींनो, सुप्याच्या शेतकऱ्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांच्यावर रोखे जाळायची वेळ आली. आपल्याला वाचता येते. आधी वाचावे, मग विचार करावा आणि मगच पिन टाकावा. समोरच्याला घाई असेल, तर ती त्याची घाई आहे. आपण सावकाश वाचावे.

अभ्यास

१. पैसे घेताना पिन लागतो का? विहिरीचे उदाहरण देऊन शेजाऱ्याला समजावून सांगा.

२. मोबाईलवर आलेला बँकेचा एक जुना संदेश काढा. तो मोठ्याने वाचा. त्यात रक्कम किती आहे? पैसे आले की गेले?

३. खोटा फौजदार "कोणाला सांगू नका" असे का म्हणतो?

४. आपल्या मोबाईलचा पंधरा आकडी क्रमांक वहीत लिहा.

५. घराच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असे, खडूने मोठ्या अक्षरांत लिहा: फसवणूक झाली तर १९३०.